भरल्या पोटी

माझ्या बहिणीचं लग्न दोन वड्यांवर अडलं होतं, आणि ते वडे खाणारा माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. सोयरीक जुळवायला म्हणून मुलाचं घर बघायला जायचं, तिथे पाणी प्यायचं, फार तर चहा घ्यायचा, पण अन्नाला हात लावायचा नाही. मुलीकडच्या माणसानं त्या घरचं अन्न खाल्लं की तो होकार झाला, मग माघार नाही. माझ्या गिरजाआत्याच्या वेळी तिचा चुलता लडकू असा घर बघायला गेला. उन्हातून पायपीट करत गेलेला, पोटात कावळे ओरडत होते आणि समोर गरम वड्यांची परात आली. त्यानं दोन खाल्ले. घरी येऊन म्हणाला, मुलगा नीट बघायचा राहिला, पण वडे झकास होते. आत्याचं लग्न त्याच घरात झालं. ‘दोन वड्यांत गेले मी,’ असं ती अजून सांगते. सगळे हसतात, आत्याही हसते.

दोन हजार चार सालची गोष्ट. सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती, म्हणजे शनिवार धरून चांगली जोडून सुट्टी. आसनगावच्या ज्या कारखान्यात मी आणि माझा मित्र मितेश कामाला होतो, तिथल्या पोरांना तेव्हा गड चढायचं वेड लागलं होतं. मितेशलाही लागलं. कुणाकडून तरी त्यानं निळा तंबू मागून आणला आणि गोरखगडाखाली दोन रात्री राहायचं म्हणून माझ्या मागे लागला. मी आटगावजवळच्या खेड्यातला माणूस. डोंगरावर गुरं न्यायची, लाकडं आणायची, हे मला समजतं. घरात धड अंथरूण असताना सुट्टीच्या दिवशी दगडांवर झोपायला जायचं, हे मला पटत नव्हतं. पण मितेशला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

आमची ओळख कबड्डीतली. तो पडघ्याकडचा, त्यांच्या गावचा संघ आमच्याविरुद्ध खेळायचा. पुढे एका सामन्यात त्याचा उजवा गुडघा गेला, खेळ सुटला, आणि योगायोगानं आम्ही एकाच पाळीत कामाला लागलो. तेव्हापासून दुपारी आमचे दोन डबे एकत्र उघडायचे. तो आमच्याकडे भातलावणीला यायचा, मी त्यांच्याकडे हळदीला जायचो.

निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी नम्रता माझ्याजवळ येऊन बसली. नम्रता माझी धाकटी बहीण, शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, ‘दादा, मितेश तुला गडावर माझ्याबद्दल विचारणार आहे. मला तो पसंत आहे. तू चिडू नको.’

मी चिडलो. पसंतीबद्दल नाही. इतकी वर्षं माझ्या डब्यात हात घालणारा माणूस, आणि ही गोष्ट मला त्याच्याऐवजी बहिणीच्या तोंडून कळावी, याचा राग आला. शिवाय आम्ही कुणबी, ते आगरी. दोघांच्या शेतात भातच पिकतो, पण दोन घरांत आजवर सोयरीक झालेली नव्हती. मी नम्रताला ताडकन म्हणालो की विचारू दे, बघतो मी.

ती आईला बोलली, आई वडिलांना. माझे वडील सावळाराम मुळात कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खळ्यावर बोलावलं. पेंढ्याच्या उडवीला टेकून ते म्हणाले, ‘घर बघायला आमी जाऊ तेवा जाऊ. आधी तू मानूस बघून ये. तिथं चूल त्याची असंल, तर घर पन त्याचंच समज. मनापासून पटल्याशिवाय जेवू नको. तू जेवलास म्हंजे आमी जेवलो.’

त्यांनी सगळा भार असा माझ्या पोटावर टाकला. आई धोंडूबाईनं नाचणीच्या भाकऱ्यांची चळत, लसणाची चटणी आणि भाजलेला जवळा फडक्यात बांधून दिला. गिरजाआत्या संक्रांतीपासून आमच्याकडेच होती. ती ओटीवरून ओरडली, ‘चंदर, वडे दिसले तर डोळे मिटून घे रे!’ सगळे हसले. नम्रता तेवढी हसली नाही.

शनिवारी शहापूरहून मुरबाड आणि तिथून धसई. मितेश बाजारात भाजी घेत होता आणि मी त्याच्याकडे असा बघत होतो, जणू पहिल्यांदाच भेटतोय. वालाच्या शेंगा त्यानं एकेक निवडून घेतल्या. वांगी घेताना मात्र टोपलीवाल्या म्हातारीनं दिली ती मुकाट घेतली, त्यात दोन किडकी निघाली. निवडण्याबद्दल मी त्याला मनात शाबासकी दिली आणि म्हातारीपुढे गप्प बसण्याबद्दल ती परत घेतली. मग वाटलं की म्हातारीपुढे गप्प बसणारा जावई आईला आवडेल. असा माझा दिवसभर गोंधळ चालला होता.

जीपनं देहरीत उतरलो. गावातल्या शेवटच्या घरी पाणी मागितलं. ताराबाई नावाची बाई अंगणात नाचणी पाखडत होती. वर काय काम काढलं, असं तिनं विचारलं. मितेशनं सांगितलं, काम काही नाही, राहायला आलोय.

‘का रं बाबांनो, घर नाय का तुमाला?’ ताराबाई म्हणाली. हे मी घरून निघाल्यापासून मितेशला विचारत होतो, त्यामुळे मला ती बाई फार आवडली.

चढण झाडीतली होती आणि सावली बरी होती. मितेश पुढे, मी मागे. उतारावर त्याचा गुडघा दुखतो, चढावर फारसा नाही. पण पिशव्यांचं ओझं त्यानं जास्त घेतलं होतं आणि मधेमधे थांबून तो उगाच झाडांची नावं विचारायचा, म्हणजे दम खातोय हे मला कळू नये. मला कळत होतं. मी ऐन, किंजळ, कुंभा अशी नावं सांगत राहिलो.

सुळक्याखाली एक सपाट जागा आहे. तिथे तंबू उभा राहिला. मी घर बघायला आलेल्या माणसासारखी त्याच्याभोवती एक फेरी मारली. छप्पर गळकं वाटत नव्हतं. दार चेनचं होतं आणि वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. आमची नम्रता उंच आहे. आत म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली दोन घोंगडी होती, त्यातलं नवं त्यानं माझ्या बाजूला अंथरलं होतं. बाहेर तीन दगडांची चूल. चूल त्याची, भांडी त्याची, तांदूळ त्याचा. म्हणजे घर त्याचंच. मी माझं भाकऱ्यांचं फडकं बाहेरच्या झाडाच्या फांदीला टांगलं. त्याच्या घरात माझी शिदोरी ठेवणं मला बरोबर वाटेना.

संध्याकाळी त्यानं भात आणि वांग्याची भाजी केली. दोन ताटल्या मांडल्या. मी फडकं सोडलं आणि म्हणालो की आईनं एवढं दिलंय, वाया कशाला घालवायचं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि एक ताटली उचलून बाजूला ठेवली. जेवण झाल्यावर चहा दिला, तो मी घेतला. चहाबरोबर बिस्किटं होती, ती घेतली नाहीत. बिस्किट म्हणजे शेवटी गहूच.

विस्तवाजवळ बसलो असताना तो म्हणाला, ‘चंदर, एक विचारायचं होतं.’

इतके दिवस विचारलं नाही आणि आता विचारतोय, या विचारानं माझं डोकं तापलं. मी म्हणालो, ‘आधी भांडी घास.’ तो उठला आणि त्यानं राखेनं भांडी घासली. चांगली घासली, टोपाच्या बुडाची काजळीसुद्धा काढली. मला माझाच राग आला आणि मी झोपायला गेलो.

रविवारची सकाळ सुंदर होती. उगाच खोटं कशाला बोलू. दरीत धुकं कापसासारखं बसलं होतं, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका त्यातून वर आलेला, आणि अंगावर कोवळं ऊन. सुट्टीच्या दिवशी माणसं इथे का येतात ते मला त्या सकाळी थोडंसं कळलं. मितेशनं पोहे केले. मी कडक झालेली भाकरी चहात बुडवून खाल्ली.

मग आम्ही वर गेलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, काही ठिकाणी हातानं खोबण धरून चढायचं. गुहेपुढे चाफ्याची झाडं आहेत, टाक्यात गार पाणी. तिथे जरा टेकून शेंड्यावर गेलो. महादेवापुढे मितेश हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मला माहीत होतं तो काय मागतोय. देवाकडे मागून झाल्यावर तो माझ्याकडे वळला आणि त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात डोंबिवलीहून गड बघायला आलेली काही पोरं हाका मारत वर आली. त्यांना आमचे दोघांचे फोटो काढायची फार हौस. एका फोटोत मी मितेशच्या खांद्यावर हात ठेवला, कारण त्यांनी ठेवायला सांगितलं.

खाली आलो तर फांदीवर नुसतं फडकं लोंबत होतं. माकडांनी काम केलं होतं. भाकरीचा एक तुकडा उरला नव्हता, जवळ्याचा वाससुद्धा नाही. चटणी त्यांना झेपली नसावी. ती खडकावर पसरली होती आणि त्यापासून लांब एक माकड बसून आपलं तोंड खसाखसा चोळत होतं. मितेशचं सामान झाकणाच्या डब्यात, तंबूत, चेन लावून. ते जसंच्या तसं होतं. माझी शिदोरी मी माझ्याच ताठ्यापायी बाहेर टांगली होती, त्यामुळे शिव्या द्यायला माकडांशिवाय कुणी नव्हतं.

दुपारी मितेशनं खिचडी टाकली. वालाचे दाणे सोलून घातले, वरून घरचं तूप. तो वास. सकाळपासून चढउतार केलेला मी, पोटात एक कडक भाकरी, आणि तो वास सगळ्या सपाटीवर पसरलेला. लडकूआजोबांबद्दल आजवर मी एवढं हसलो होतो, ते मला एकदम जवळचे वाटायला लागले.

मितेशनं ताटली पुढे केली नाही. चुलीशी बसून तो हळूच म्हणाला, ‘भूक लागली असंल ना रे तुला.’

‘माझ्या भुकेचं मी बघीन. तुझं अन्न तुझ्याजवळ ठेव,’ मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला. मग मी झाडाखाली जाऊन तोंडावर रुमाल टाकून पडलो आणि भुकेनं असो की रागानं, झोप लागली.

उठलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मितेश कुठे दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. चुलीत निखारे होते, शेजारी खिचडीचा टोप, झाकणावर दगड. त्यानं स्वतःही काही खाल्लेलं दिसत नव्हतं. माझ्या बोलण्यानं तो चिडून निघून गेला असं मला वाटलं. तंबूत बघितलं तर त्याची पिशवी होती, घोंगडी होती. मग जीव थाऱ्यावर आला, पण तो गेला कुठे ते कळेना.

मी टोपाजवळ बसलो. झाकण काढलं. वाफ अजून होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन घास खाल्ले असते तर महादेवाशिवाय कुणाला कळलं नसतं. पण घास तोंडात गेला की तो होकार होता, आणि तो नम्रताच्या आयुष्याला पुरणार होता. होकार द्यायचा नव्हता असं नाही. दोन दिवस मी त्याच्यात खोट शोधत होतो आणि किडक्या वांग्यांपलीकडे काही सापडलं नव्हतं. तरीही उद्या घरी वडिलांनी विचारलं, मनापासून जेवलास का, तर काय सांगायचं? पोटापासून जेवलो? मी झाकण ठेवलं आणि त्यावर दगडही ठेवला.

सूर्य डोंगराआड जायच्या बेताला झाडीतून मितेश वर येताना दिसला. चढावरसुद्धा तो आता लंगडत होता, हातात एक काठी आणि बगलेत पानात बांधलेलं काहीतरी. मी धावत खाली गेलो. तो देहरीपर्यंत उतरून परत आला होता. त्या उतारावरून, तसल्या गुडघ्यानं. मी त्याला धरून वर आणलं, दगडावर बसवलं. त्यानं ते बांधलेलं माझ्या पुढ्यात ठेवलं. तांदळाच्या अजून ऊबदार भाकऱ्या होत्या आणि परतलेली सुकट.

‘ताराबाईच्या चुलीवरचं हाय,’ तो म्हणाला. ‘यात माझा एक दाना नाय. पोटभर खा.’

मी त्याच्या हातातली काठी घेऊन बाजूला ठेवली.

‘नम्रतानं सांगितलंय मला सगळं,’ तो पुढे म्हणाला. ‘तुमची रीत, गिरजाआत्याचे वडे. काल तू फडकं सोडलंस तेवाच समजलो, मी काय विचारनार ते तुला पन ठाऊक हाय. आज माकडांनी माझं काम सोपं केलं होतं रे. घटकाभर थांबलो असतो तर तू खाल्लंच असतंस. पन भुकेल्या मानसाचा हो घेऊन मी तिला काय तोंड दाखवू? तुझं पोट भरू दे. मग नाय म्हनलास तरी चालंल.’

मला त्याच्याकडे बघवेना. मी विचारलं, ‘आधी मला का नाही सांगितलंस?’

‘भ्यालो,’ तो म्हणाला. ‘तू नाय म्हनला असतास तर नम्रता गेली असती आनि तू पन.’

माझा चार दिवसांचा राग त्या एका शब्दानं गेला. कबड्डीत तिघा-तिघांच्या अंगावर जाणारा माणूस, आणि मला भ्याला. मी भाकरीचं पान जवळ ओढलं. अर्ध्या भाकऱ्या त्याला दिल्या, कारण तोही उपाशी होता. आम्ही दोघं ताराबाईचं अन्न खात बसलो. पोट भरेपर्यंत खाल्लं, मग पाणी प्यालो, मग मी ढेकर दिला. चांगला ऐकू जाईल असा दिला.

मग उठलो. टोपावरचा दगड काढला, काल त्यानं बाजूला ठेवलेली ती ताटली घेतली आणि तिच्यात खिचडी वाढली. गार झाली होती. मितेश बघत होता. पोटात खरंच जागा नव्हती, तरी मी एकेक घास नीट चावून खाल्ला, ताटली बोटानं पुसून घेतली आणि पुन्हा थोडी वाढून घेतली.

‘मीठ कमी पडलंय,’ मी म्हणालो.

मितेश हसायला गेला आणि त्याला रडूच आलं. त्यानं तोंड मच्छिंद्रगडाकडे फिरवलं. मी ताटली हातात धरून अंधार पडेपर्यंत त्याच्या शेजारी बसलो. जे विचारायचं होतं ते त्यानं विचारलं नाही, आणि मलाही आता त्याची गरज वाटली नाही.

सोमवारी दुपारी घरी पोचलो तर सगळे ओटीवरच होते. वडील झोपाळ्यावर, आई तांदूळ निवडत, आत्या भिंतीला टेकून. नम्रता दारात उभी होती, हातात लोटा, पण कुणाला पाणी द्यायचं ते विसरलेली. मी पाय धुतले. वडिलांनी विचारलं, ‘जेवलास?’

हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून कितीदा तरी विचारला जातो. त्या दिवशी मात्र उत्तराच्या आधी कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

‘जेवलो,’ मी म्हणालो. ‘आधी दुसऱ्याकडे पोटभर जेवलो, मग त्याच्याकडे जेवलो.’

मग सगळं सांगितलं. माकडांपाशी सगळे हसले. मितेश गुडघा घेऊन देहरीला उतरला ते सांगितलं तेव्हा वडील झोपाळा थांबवून ऐकायला लागले, आणि शेवटी आईला म्हणाले की गूळ काढ. आईचे डोळे भरले होते. मला वाटलं आता आत्या वड्यांवरून काहीतरी टोला हाणणार. मी तिच्याकडे बघितलं.

आत्या हसत नव्हती. ती नम्रताकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, ‘माझ्या वेळेला कोनी खाली जाऊन भाकरी आनली नाय रे.’

वडिलांनी मान खाली घातली. ती त्यांची सख्खी बहीण. इतकी वर्षं आम्ही त्या दोन वड्यांवर हसलो होतो आणि तीही आमच्याबरोबर हसली होती. आई उठायला लागली, तर आत्यानं तिला हातानंच बसवलं. ती स्वतः आत गेली, गुळाची ढेप घेऊन आली, वरवंट्यानं फोडली आणि पहिला खडा नम्रताच्या तोंडात घातला. दुसरा तिनं बाजूला ठेवला.

‘ह्यो त्या पोराचा,’ ती म्हणाली. ‘उद्या कामावर नेऊन दे.’